माशावरच्या उवा आणि तळ्यातलं पाणी

थंडीत बोटुकलीच्या अंगावर रव्याच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणतं औषध टाकू? त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा : आज पाणी किती अंशांवर आहे? औषध कधी टाकायचं, किती दिवसांनी पुन्हा टाकायचं आणि मुळात त्याचा उपयोग होणार का, हे त्या आकड्यावरून ठरतं. थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तरीही बहुतेक तळ्यांच्या बांधावर तो नसतो, औषधाची बाटली मात्र असते.

माशाच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्यावरच पोसणाऱ्या जीवांना परोपजीवी म्हणतात. त्यांच्याबद्दल सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घेऊ. यातले बरेचसे जीव आयुष्यभर माशावर राहत नाहीत. कुणाची अंडी दगडावर असतात, कुणाची पिल्लं पाण्यात पोहत मासा शोधतात, कुणाचं अर्धं आयुष्य गाळातल्या किड्यात जातं. माशावर आपल्याला दिसतो तो त्यांचा एक टप्पा. उरलेले टप्पे पाण्यात पार पडतात आणि त्यांचा वेग पाणीच ठरवतं.

आपण रोहू, कटला आणि मृगळ सोडलेलं शेततळं डोळ्यांसमोर ठेवू आणि त्याचं एक वर्ष क्रमाने पाहू.

सुरुवात मे महिन्यापासून करावी लागते, कारण तळं रिकामं होण्याची संधी तेव्हाच असते. मातीचं तळं पूर्ण आटवून तळाला भेगा पडेपर्यंत वाळू दिलं, तर माशावरच्या उवांची अंडी उन्हाने मरतात. गाळात राहणारे लालसर बारीक किडेही कमी होतात. त्यांना ट्युबिफेक्स म्हणतात. मिक्सोस्पोरिडियन नावाच्या सूक्ष्म परोपजीवींपैकी अनेकांना आपलं चक्र पूर्ण करायला मासा आणि असा किडा दोन्ही लागतात. ट्राउट माशाला गरगर फिरायला लावणाऱ्या रोगात हे पहिल्यांदा अमेरिकेत सिद्ध झालं, १९८४ मध्ये. तोवर माशातून थेट माशात लागण होते असंच समजलं जात असे. कार्प माशांच्या कल्ल्यांवर पांढऱ्या गाठी येतात, त्या याच कुळातल्या जीवांच्या. गाठ झालेल्या माशावर उपाय जवळजवळ नाही. उपाय करायचा तो गाळावर.

प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्यात गाळाची ही अडचण कमी असते, पण दुसरी एक असते. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेसाठी साठवलेलं पाणी शेवटपर्यंत पुरवून वापरलं जातं आणि पाऊस येईपर्यंत तळाशी हातभर पाणी व चार-दोन मासे उरतात. म्हणजे तळं रिकामं असं कधी होतच नाही. गेल्या वर्षीचे परोपजीवी त्या चार माशांवर उन्हाळा काढतात आणि जुलैत नवं बीज आलं की त्याच्यावर जातात. एकदा तरी शेवटचा मासा काढून, अस्तरावरचं शेवाळ ब्रशने घासून, तळं आठ-दहा दिवस कोरडं ठेवायला हवं.

मग तळं भरायचं. ओढ्याचं किंवा कालव्याचं पाणी घेत असाल तर पाइपच्या तोंडाला बारीक जाळीचं कापड दुहेरी बांधा. रानटी मासे, गोगलगायी आणि उवांची पिल्लं याच वाटेने येतात. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात परोपजीवी नसल्यातच जमा, पण त्यात प्राणवायू कमी असतो. ते उंचावरून आपटत पडू द्या.

भरताना एक काम हमखास राहून जातं : तळ्यात पाणी किती आहे ते मोजून लिहून ठेवणं. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळं म्हटलं की आपण सरळ गुणाकार करतो आणि २७ लाख लिटर म्हणतो. पण बाजू उतरत्या असतात. उतार एकास एक धरला तर तळ २४ मीटरचा उरतो आणि काठोकाठ भरल्यावरही पाणी सुमारे २२ लाख लिटरच मावतं. पाणी २ मीटरवर आलं की ते साडेतेरा लाख लिटर होतं. तेव्हा २७ लाखांच्या हिशेबाने औषध टाकलं, तर मात्रा बरोबर दुप्पट पडते. हा हिशेब पुढे लागणार आहे, म्हणून बांधावर खुणेची काठी रोवा आणि प्रत्येक खुणेपुढे लिटर लिहा.

बीज सोडताना पिशवीतलं पाणी तळ्यात ओतू नका. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून आतलं-बाहेरचं तापमान सारखं होऊ द्या, मग मासे हापामध्ये, म्हणजे तळ्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, घ्या. मोठ्या बोटुकलीला १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ घालून दोन-तीन मिनिटं बुचकळून काढता येतं. मासा आडवा पडू लागला की लगेच बाहेर काढायचा. या बुचकळण्याने कातडीवरचे बरेच सूक्ष्म जीव सुटतात. कातडीच्या आत शिरलेले मात्र सुटत नाहीत, म्हणून बीज चार-पाच दिवस हापातच ठेवून पाहावं. घाईच्या दिवसांत हे कुणी करत नाही. पण रोग तळ्यात येतो तो बहुतेक वेळा याच पिशवीतून.

पावसाळ्याचे पहिले दोन महिने तापमानाची फारशी काळजी नसते, तेव्हा घाणीकडे लक्ष द्यावं. उरलेली पेंड, कोंडा, शेण, वाहून आलेला पालापाचोळा असं कुजणारं द्रव्य वाढलं की पाण्यात जिवाणू वाढतात. ट्रायकोडायना नावाचा बशीच्या आकाराचा एकपेशीय जीव असतो, त्याचं खाद्य मुख्यतः हे जिवाणूच. तो माशावर नुसता फिरतो, चिकटतो, आणि एकाचे दोन होत वाढतो. स्वच्छ पाण्यात माशावर दहा-वीस ट्रायकोडायना असले तर माशाला पत्ताही लागत नाही. घाण पाण्यात त्यांची दाटी होते, मासा जास्त चिकटा सोडू लागतो आणि त्याच्या अंगावर राखाडी साय दिसते. इथे औषधाआधी खाद्य कमी करावं. दोन-तीन दिवस खाद्य बंद ठेवलं आणि पाव भाग पाणी बदललं, तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

याच काळात ढगाळ हवेचे सलग दिवस येतात. ऊन नाही म्हणजे शेवाळाकडून प्राणवायू नाही. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळताना दिसले, तर पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला आहे असं समजावं. तो ५ च्या वर असावा. याचा परोपजीवींशी संबंध दुहेरी आहे. गुदमरलेल्या माशाची प्रतिकारशक्ती घटते. शिवाय कल्ल्यांत डॅक्टिलोगायरस नावाचे मिलिमीटरहून लहान चपटे कृमी असतील, तर निरोगी माशाला पुरणारा प्राणवायू या माशाला पुरत नाही. मासे प्राणवायूअभावी मेले असं आपण म्हणतो, आणि ते अर्धंच खरं असतं.

अमोनियाचंही असंच. तो माशांच्या विष्ठेतून आणि कुजण्यातून येतो, पण त्यातला विषारी भाग किती, हे पाण्याचा सामू ठरवतो. सामू म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा. २५ अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी शेकडा एकाहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की तोच भाग शेकडा ३५ च्या पुढे जातो. अस्तराच्या तळ्यात पाण्याला मातीचा आधार नसतो, त्यामुळे हिरवंगार शेवाळ वाढलं की दुपारी सामू झपाट्याने चढतो. सकाळी सात वाजता मोजलेला सामू पाहून निर्धास्त राहणं ही नेहमीची चूक. दुपारी तीनलाही मोजा. अमोनियाने भाजलेल्या कल्ल्यांवर परोपजीवींचं फावतं.

पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन लागलं की उवांचे दिवस येतात. अरगुलस ही खरोखरची ऊ नाही. ती कोळंबी-खेकड्यांच्या लांबच्या नात्यातली, चपटी, पारदर्शक, काही मिलिमीटरची. ती नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि माशावर सरकत फिरते. ती सोंड टोचून रक्त-रस शोषते, तिथे लाल डाग पडतात आणि डागांतून जिवाणू शिरतात. मासे उड्या मारतात, काठाला अंग घासतात. तिन्ही माशांत रोहूवर तिचा राग जास्त.

अरगुलसची मादी अंडी घालायला मासा सोडते. दगड, बांबू, विटा, पाणवनस्पतींचे देठ, अस्तराच्या घड्या अशा कठीण जागी ती शेकडो अंडी ओळीने चिकटवते आणि पुन्हा माशावर जाते. अंडी किती दिवसांनी फुटणार हे तापमानावर अवलंबून. या कुळातल्या एका जातीवर झालेल्या मोजणीत १५ अंशांच्या पाण्यात अंड्यांना सुमारे दोन महिने लागले, ३५ अंशांच्या पाण्यात दहा दिवस. आपल्या ऑक्टोबरच्या २८-३० अंशांच्या पाण्यात साधारण दोन आठवडे धरून चालावं.

आता चूक कुठे होते ते पाहा. औषधाने माशावरच्या उवा मेल्या, चार दिवसांनी मासे स्वच्छ दिसले, आपण निश्चिंत झालो. अंड्यांना मात्र औषध लागलेलंच नसतं. ती तीन आठवड्यांच्या आत फुटतात आणि पुन्हा उवा दिसू लागतात. मग औषध भेसळीचं होतं असं म्हणून दुकानदाराशी भांडण, आणि पुढच्या वेळी दुप्पट मात्रा. औषध बहुधा ठीकच असतं. दुसरी मात्रा अंडी फुटून गेल्यावर, पण नव्या पिल्लांनी अंडी घालण्याआधी द्यायला हवी होती.

बिनऔषधाचा एक उपाय याच सवयीचा फायदा घेतो. तळ्यात जागोजागी बांबूच्या चटया किंवा खडबडीत फळ्या दोरीने बांधून सोडायच्या. माद्या त्यांच्यावर अंडी घालतात. दर आठवड्याला चटया बाहेर काढून, घासून, दोन दिवस कडक उन्हात वाळवायच्या आणि परत सोडायच्या. आठवडा ही मुदत महत्त्वाची आहे. महिनाभर विसरलात तर तीच चटई उवांचं पाळणाघर होते. बाकीचे अनावश्यक बांबू, दगड, पाणवनस्पती काढून टाकल्या तरच हे जमतं, नाहीतर मादीला चटईच निवडायचं काही कारण नाही.

लर्निया नावाचा दोऱ्याएवढा परोपजीवीही उबदार पाण्यातलाच. तो माशाच्या अंगात डोकं रुतवून बाहेर लोंबतो. २६ ते २८ अंशांत तो जोमात वाढतो, १५ अंशांच्या खाली त्याचं चक्र थांबतं. माशावरून तो चिमट्याने उपटता येतो, पण डोकं आत तुटून राहिलं तर जखम चिघळते.

डिसेंबर आला की चित्र उलटं होतं. उवा मंदावतात आणि पांढरे ठिपके येतात. हा रोग इक्थिओफ्थिरिअस नावाच्या एकपेशीय जीवाचा. मासेवाले त्याला थोडक्यात इक म्हणतात. पंगस पाळणाऱ्यांनी विशेष जपावं, कारण त्या माशाला खवलेच नसतात.

इकचं चक्र असं आहे. ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसून खाणारा जीव. तो पोसला की माशावरून गळून पडतो आणि तळाला किंवा वस्तूला चिकटतो. तिथे भोवती पापुद्रा तयार करून तो आत दुभंगत जातो आणि एकाचे शेकडो होतात. ती पिल्लं बाहेर पडून पोहत मासा शोधतात. दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे सगळं चार-सहा दिवसांत होतं. १५ अंशांना दोन आठवडे, १० अंशांना महिन्याहून जास्त. पाणी ३० च्या वर गेलं की इकची वाढ खुंटते. मे महिन्यात विदर्भातल्या तळ्यांत तो सहसा दिसत नाही, तो यामुळेच.

मग इकला थंडी आवडते का? नाही. त्याला २०-२५ अंश आवडतात. थंडीत मासाच मंदावतो, कारण त्याच्या रक्ताचं तापमान पाण्याइतकंच असतं आणि प्रतिकारशक्तीही त्याच बेताने चालते. त्यामुळे खरा धोका कडाक्याच्या थंडीत कमी आणि थंडी सरताना जास्त असतो. फेब्रुवारीत दुपारचं पाणी २२-२४ अंशांवर येतं, इकचा वेग लगेच दुप्पट-तिप्पट होतो, आणि दोन महिने धड न खाल्लेला मासा अजून सावरलेला नसतो. थंडी संपली म्हणून आपण लक्ष काढून घेतो, ते नेमकं याच वेळी.

थंडीत विहिरीचं पाणी तळ्यापेक्षा कोमट असतं. जमत असेल तर पहाटेपूर्वी ते थोडं थोडं सोडावं, पण फवाऱ्याने, म्हणजे प्राणवायूही मिळेल. पाणी दीड-दोन मीटर खोल ठेवलं तर दिवस-रात्रीचे चढउतार सौम्य होतात. खाद्य मात्र पाण्याच्या तापमानाप्रमाणे कमी करा. न खाल्लेली पेंड तळाला जाते आणि पावसाळ्यातली घाणीची गोष्ट पुन्हा सुरू होते.

कातडीतल्या ठिपक्यापर्यंत पाण्यात टाकलेलं औषध पोहोचत नाही, पापुद्र्यातल्यापर्यंतही नाही. मरतात ती फक्त मासा शोधत पोहणारी पिल्लं. म्हणून एकदाच टाकलेलं औषध इकवर चालत नाही. २५ अंशांना एक दिवसाआड, २० च्या आसपास दर तिसऱ्या दिवशी, १५ ला चार-पाच दिवसांनी, अशा तीन-चार फेऱ्या शेवटचा ठिपका दिसेनासा होईपर्यंत आणि त्यानंतरही एक, असा हिशेब ठेवावा लागतो. आणखी एक फसगत म्हणजे इक कधीकधी फक्त कल्ल्यांत असतो. अंग स्वच्छ, मासा मरतोय, आणि आपण पाण्याला दोष देतोय.

म्हणून औषधाआधी तपासणी. कल्ल्याचा बारीक तुकडा किंवा अंगावरचा चिकटा काचपट्टीवर, तळ्यातल्याच पाण्याच्या थेंबात घेऊन शंभरपट मोठा करणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की इक, ट्रायकोडायना, कल्ल्याचे कृमी सगळे हलताना दिसतात. कागदी घडीचा फोल्डस्कोपही या कामाला चालतो. तपासणीला जिवंत, पण आजारी मासा न्या, तळ्याच्याच पाण्यात. मेलेल्या माशावरून बरेच परोपजीवी काही वेळातच निघून जातात आणि प्रयोगशाळेला काहीच सापडत नाही. नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळच्या शिरगावला मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. सोबत तापमान, सामू, शेवटचं बीज कधी सोडलं आणि काय काय टाकलं हे लिहून न्या.

आता मात्रेचा हिशेब. दर हजार लिटरला एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम. दोन मीटर पाण्याच्या आपल्या तळ्यात साडेतेरा लाख लिटर, म्हणजे एक पीपीएमला १ किलो ३५० ग्रॅम.

टाकीत किंवा हापात मीठ उत्तम. पण मिठाची कीर्ती ऐकून कुणी ते तळ्यात ओतायला निघाला, तर बुचकळण्याचे दोन टक्के नव्हे, हजारी तीन या बेतानेही चार टनांहून जास्त मीठ लागेल. ते पाणी पुढे बागेत जाणार असेल तर बागेचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

पोटॅशियम परमँगनेट, आपली लाल दवा, घाण पाण्यात टाकली तर ती परोपजीवींपर्यंत पोहोचण्याआधी घाणीतच खर्ची पडते. जांभळा रंग काही मिनिटांतच तपकिरी झाला तर तेच झालंय. मात्रा वाढवण्याऐवजी आधी पाणी बदला.

फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायू खातं. ५ पीपीएम फॉर्मेलिनमागे साधारण १ पीपीएम प्राणवायू जातो. २५ पीपीएम टाकलं की तळ्यातला ५ पीपीएम गेला, म्हणजे बहुधा सगळाच. एरेटर नसेल तर ते तळ्यात वापरूच नये. ढगाळ दिवशी आणि संध्याकाळी तर नाहीच.

आणि शेतावरची कीटकनाशकं. उवा मरतात म्हणून ती सर्रास टाकली जातात. ऊ ही कोळंबीच्या नात्यातली, त्यामुळे तिला मारणारं औषध पाण्यातले तेच नातेवाईक, म्हणजे डॅफ्निया आणि कोपेपॉडसारखे सूक्ष्म प्राणी, तितक्याच सहज मारतं. कटल्याचं नैसर्गिक खाद्य मुख्यतः तेच. ते संपले की शेवाळाला खाणारं कुणी उरत नाही, पाणी गर्द हिरवं होतं आणि सामू दुपारी पुन्हा नऊकडे सरकतो. उवांवरचं औषध मत्स्यतज्ज्ञाच्या चिठ्ठीनेच घ्यावं आणि ते दिल्यावर किती दिवस मासा विकायचा नाही हे त्याच वेळी विचारून घ्यावं.

काहीही टाकण्याआधी तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन, त्याच मात्रेत चार-पाच मासे तासभर ठेवून पाहा. औषध सकाळी, ऊन चढताना टाका आणि एरेटर चालू ठेवा. त्या दिवशी खाद्य देऊ नका. वापरलेलं जाळं दुसऱ्या तळ्यात नेण्याआधी कडक उन्हात पूर्ण वाळवा. भाड्याने आणलेलं जाळं असेल तर पाण्यात घालण्याआधीच.